हरभऱ्यातले नऊ पट्टकादंब

दादा, मी लग्न होऊन निघाले त्या सकाळी आबा एसटीवर आले नव्हते. तू माझी ट्रंक टपावर चढवत होतास, आई पदरानं नाक पुसत होती, आणि आबा धरणाच्या पाण्याकाठी हरभऱ्यात पत्र्याचा डबा बडवत हंस हाकलत होते. फाट्यावरून गाडी वळली तेव्हा ते मला लांबून दिसले. त्यांनी डब्यासकट हात वर केला. पुढे कितीतरी वर्षं मला त्या हंसांचा राग होता.

हे तुला लिहितेय, आणि पिंपरीला गेलेल्या आपल्या मंगललाही फोनवर वाचून दाखव.

इथली सुरुवात तुम्हाला ठाऊक आहे. उल्हासनगर कॅम्प चारमध्ये एक खोली, आणि खालच्या गाळ्यात जीन्सच्या शिलाईचं काम. गाळा मीना अदींचा. अदी म्हणजे सिंधीत मोठी बहीण. त्यांनी मला ओव्हरलॉक मशीन शिकवलं आणि हिंदी बोलायची भीड मोडली. पुढे आम्ही खरवईला फ्लॅट घेतला. डॉक्टरांनी अदींना चालायला सांगितलं म्हणून त्या बदलापूरच्या एका पक्षी बघणाऱ्या ग्रुपमध्ये शिरल्या आणि मलाही ओढलं. तिथे मला कळलं की आपल्या हंसांना पट्टकादंब म्हणतात, आणि ते बघायला लोक गाड्या करून आपल्या धरणावर जातात.

या जानेवारीत गच्चीवर कपडे वाळत घालताना डोक्यावरून आवाज गेला. नाकातून काढल्यासारखा, आंग आंग. माझ्या हातातली चादर तशीच राहिली. पट्टकादंब गेले असं ग्रुपवर लिहिलं, तर ग्रुप चालवणाऱ्या सावंत सरांचं उत्तर आलं, "मॅडम, बगळे असतील. आपल्याकडे पट्टकादंब फारच क्वचित. फोटो असेल तर टाका." खाली चारपाच जणांचे हसरे चेहरे. दादा, ते मला लागलं. बाकी काही येत नसेल मला, पण तो आवाज येतो.

अदी म्हणाल्या, "तूने सुना ना? बस. संडे को सबको लेके चलते हैं."

रविवारी उजाडताना आम्ही सात जण नदीवर होतो. तिथे टिटव्या आणि पाणकावळे. मग बंधाऱ्यावर गेलो, तिथेही काही नाही. अकरा वाजता ऊन चढलं आणि दोघं घरी गेले. सर दुर्बीण पुसत म्हणाले, "होतं असं कधीकधी. कानांचा भास होतो."

मी विचार केला. आम्ही सकाळपासून पाणी शोधत होतो. पण आबा त्यांना पाण्यातून कुठे हाकलायचे? ते हाकलायचे पिकातून. इथे भात कापल्यावर शेतं सुकून पडलेली असतात. मग हिरवं कुठे असेल?

रस्त्याकडेला एक म्हातारे बाबा म्हशी घेऊन चालले होते. मी विचारलं, "बाबा, इकडे हरभरा कुणी पेरलाय?"

"आमीच," ते म्हणाले. "त्या टेकरीचे मागं. चार दिस झालं, मोठं पक्षी येतान तिथं."

सर चटकन उठले आणि कॅमेरा घेऊन सरळ निघाले. मी त्यांची बाही धरली. आजवर त्यांच्याशी धड बोललेही नव्हते. म्हटलं, "सर, सरळ गेलात तर उडतील. म्हशींच्या आडून जाऊ, तिरकं, त्यांच्याकडे न बघता." आबा अगदी जवळ जाऊन डबा वाजवायचे, ते असेच. बाबांनी म्हशी वळवल्या आणि आम्ही पाच जण त्यांच्यामागून वाकून चाललो.

नऊ होते. पांढऱ्या डोक्यावर काळ्या दोन पट्ट्या, हरभऱ्याचे शेंडे खुडत निवांत चाललेले. अदींनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. कॅमेऱ्याची खटखट थांबल्यावर सर माझ्याकडे वळले. "मॅडम, मी चुकलो," म्हणाले, सगळ्यांसमोर.

बांधावर बसून आबांना फोन लावला. "हंस सापडले, आबा. हरभऱ्यात."

"मग बघत काय बसलीस, हाकल की," ते म्हणाले, आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. मग हळूच म्हणाले, "तुझ्या गाडीला यायला पाहिजे होतं मी." एवढ्या वर्षांत हे ते पहिल्यांदा बोलले. माझा राग कधीच गेला होता, हे मलाही तेव्हाच कळलं.

निघताना सरांनी वही काढली. अशी नोंद झाली की कुणी शोधलं ते लिहितात. मी पूर्ण नाव सांगितलं.

"राहणार?"

"खरवई, बदलापूर."

एरवी कुणी विचारलं की मी पुढे जोडते, तसे आम्ही मूळचे तिकडचे, धरणाकाठचे. त्या दिवशी ते जोडायचं राहिलं. घरी येईपर्यंत लक्षातही आलं नाही. दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. तिकडचं काही कमी झालेलं नाही. ज्या रानात काय पेरलंय आणि त्यात कोण येऊन बसलंय हे मला ठाऊक आहे, ते रान माझं. अशी आता दोन आहेत.