मिठाआधीची वाटी

माझ्या लेकीची कातडी किती नाजूक आहे हे मी सांगायला लागले की लोक म्हणतात, ही फेकते. मी फेकत नाही. फार तर थोडं वाढवून सांगते. ती पाळण्यात असताना तिच्या गालावर माशी बसली होती, आणि माशी उडाल्यावर सहा पायांचे सहा लाल ठिपके राहिले होते. मी स्वतः मोजले. ती तिसरीत असताना शेजारणीनं आमटीला फोडणी दिली, तर भिंतीच्या अलीकडे हिच्या हनुवटीवर पुरळ! आणि असल्या मुलीला देवानं जन्माला घातलं कुठे, तर लालबागला. एप्रिल-मे लागला की आमच्या भागात घरोघरचा वर्षाचा मसाला कुटला जातो. पोत्यापोत्यांनी मिरच्या येतात, कुटायची यंत्रं सकाळपासून धडधडतात, आणि त्या दिवसांत आमच्या गल्लीत साधा चहा केला तरी तिखट लागतो.

मी मूळची गिरगावची. आमच्याकडे मिरची म्हणजे आमटीत पोहणारी एक, तीही पानं वाढण्याआधी बाहेर काढायची. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आले ती नेमकी मार्चअखेर. पुढचे दोन महिने मी नुसती शिंकले. खालच्या मजल्यावरचे आजोबा माझ्या शिंकांवर गोळ्या घ्यायचे. पहिल्या शिंकेला रक्तदाबाची, दहाव्या शिंकेला साखरेची. मग एके दिवशी तोंडच सुजलं. गाल लाल, डोळ्यांच्या फटी झालेल्या. आमचे हे संध्याकाळी कामावरून आले आणि दारातच थबकून मला म्हणाले, "कोण पाहिजे?"

सासूबाई आतून आल्या. बाई मालवणकडची, बोलणं मोजकं. माझी हनुवटी धरून त्यांनी माझं तोंड उजेडाकडे वळवलं.

"गो, ह्या काय झाला?"

मी रडायलाच लागले. रडले तर पाणी झोंबलं, झोंबलं म्हणून आणखी रडले.

"रडा नको. बस थंय," त्या म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या.

त्यांनी पेज केली. गावाकडून आलेल्या उकड्या तांदळाची, लालसर, भरपूर पाण्यात रटरट शिजवून मऊ केलेली. गिरगावात पेज आजारी माणसाला. इथे ती रोजची, सकाळची. शिजल्यावर त्यांनी एक वाटी भरून बाजूला काढली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर निवायला ठेवली. स्टीलची वाटी, काठाला एक पोचा. पेज पार गार झाली तेव्हा वरचं पाणी ओतून दिलं, तळाचं दाट बोटांनी अगदी लोण्यासारखं कुस्करलं, त्यात काकडी किसून तिचा रस पिळला. बस, एवढंच. मला वाटलं, आता थापणार. तर नाही.

"आधी कोपरार," म्हणाल्या, आणि कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढं लावलं. "उद्या बघुया."

"उद्या? आई, मला आत्ता होतंय!"

"घाई कित्याक? तोंड खंय पळान जाणा नाय."

तोवर गार पाण्याच्या घड्या. दुसऱ्या दिवशी कोपर साफ निघालं, तेव्हा ताजी पेज, ताजी वाटी, आणि मग कुठे तोंड. तो गारवा मी जन्मात विसरणार नाही. अख्ख्या लालबागला आग लागली आहे आणि फक्त माझ्या तोंडावर कोणीतरी कोकणातली विहीर उपडी केली आहे, असं वाटलं. सुकू द्यायचं नाही, ओलं असतानाच साध्या पाण्यानं उतरवायचं, पंचा नुसता टेकवायचा, घासायचा नाही. चार दिवसांत यांनी मला ओळखलं.

त्या फळीवरच्या वाटीबद्दल मी कधी विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? वाटी देव्हाऱ्याशेजारी ठेवतात म्हणजे नैवेद्य. आधी देवाला, मग सुनेच्या तोंडाला. गुण येतो तो त्यामुळेच, अशी माझी पक्की समजूत. पुढे लेक झाली, तिच्यासाठी दर मे महिन्यात ती वाटी फळीवर चढायची. लेक आजीच्या मांडीवर डोकं ठेवून पडायची, तोंडभर पेज, आणि मध्येच जीभ बाहेर काढून ओठांजवळची चाटायची. सासूबाई म्हणायच्या, "खा गो, खा. तोंडाक थोडा ठेव मात्र." लेक बारा वर्षांची झाली आणि सासूबाई गेल्या. मग घरात ट्यूबा आल्या, बाटल्या आल्या. चाळ पाडली, तिथेच टॉवर झाला, आम्ही एकोणिसाव्या मजल्यावर गेलो. मसाल्याचा वास तिथेही येतो. लिफ्टनं येतो. मी त्याला सातव्या मजल्यावर आत शिरताना पाहिलंय.

तर आता लेकीचं लग्न ठरलं. मुलगा माहीमचा, शांत, हिचं सगळं ऐकतो, म्हणजे टिकेल. हिला लग्नाचं फारसं काही नव्हतं. हॉल कुठला, साड्या किती, सगळं आमच्यावर सोडलेलं. हट्ट एकच, हळद. चाळीत असताना कोणाचीही हळद असली की ही पोर पहिल्या रांगेत, पण कातडीपायी तिला कधी कोणी बोट लावू दिलं नाही. दुसऱ्यांचे पिवळे गाल बघत मोठी झाली. "माझ्या हळदीला मी पाटावर बसणार," ती पहिल्यापासून सांगून होती. "बोटभर का होईना, लावून घेणार."

आणि लग्नाच्या बारा दिवस आधी या शहाणीनं मोबाईलवर कुठलासा व्हिडिओ बघून तोंडाला लिंबू आणि मध लावला. का, तर चेहऱ्याला चमक यावी म्हणून! चमक आली. ट्रॅफिक सिग्नलला येते तशी. गाडीवाले आमच्या खिडकीकडे बघून थांबायचे बाकी होते.

डॉक्टरीणबाईंनी एक मलम दिलं आणि म्हणाल्या, साबण बंद, मेकअप बंद, चार दिवसांनी दाखवा. चार दिवसांनी आग कमी झाली, पण कातडी कोरडी, ताणलेली, हसली तरी चुरचुरायची. "आता घरचं काही साधं, गार लावलं तर चालेल का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, "चालेल, पण आधी थोड्या जागेवर लावून बघा."

हे शेवटचं वाक्य माझ्या कानांनी लिफ्टमध्येच सोडून दिलं.

हळदीला सात दिवस राहिलेले. मी दादरहून उकडे तांदूळ आणले, पेज केली, वाटी भरली. तीच पोच्याची वाटी, टॉवरमध्ये येताना मी दागिन्यांच्या डब्यात घालून आणलेली. देवासमोर ठेवली. सासूबाई ठेवायच्या त्याच्या दुप्पट वेळ ठेवली, नमस्कार केला, आणि कोपरबिपर न बघता लेकीच्या अख्ख्या तोंडाला लेप दिला.

तिची किंकाळी माझगावच्या गोदीत ऐकू गेली असणार. ती बेसिनकडे धावली.

"आई! काय घातलंस यात?"

"काही नाही गं! आजीचाच लेप!"

"आजीचा असा नव्हता! आजीचा झोंबायचा नाही!"

पाण्यावर पाणी मारून ती सरळ झाली तेव्हा गाल पुन्हा लाल. आरशात बघून एकदम शांत बोलली. ती ओरडते तेव्हा मला काही वाटत नाही, शांत बोलली की मी हातातलं खाली ठेवते.

"आई, मी पाटावर नाही बसणार. हळद रद्द कर. त्यांना पण सांगून टाक." आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसले. माहीमला फोन करून काय सांगायचं, याचे शब्द जुळवत होते. देवाचाही राग आला. इतकी वर्षं नैवेद्य खाल्लास, आणि ऐन वेळी असं?

तेवढ्यात आमचे हे आले. घरात काय झालंय याचा पत्ता नाही. पातेल्यात उरलेली पेज दिसली, लोणच्याची बरणी काढली आणि उभ्या उभ्याच ओरपायला लागले.

"वा!" म्हणाले. "आज पेज झकास. मीठ अगदी आईसारखं पडलंय."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"अगं, चांगलं म्हणालो!"

"पुन्हा म्हणा."

"मीठ. आईसारखं पडलंय. मी काय केलं आता?"

मी उठले, वाटीच्या तळाशी उरलेल्या लेपात बोट बुडवलं आणि चाटलं. खारट. शिजतानाच चिमूटभर टाकायची सवय हाताला इतकी, की तोंडाची पेज करतेय हे हाताला कोणी कळवलंच नव्हतं.

आणि तिथे उभ्या उभ्या मला ती चाळीतली खोली दिसायला लागली. चुलीवरचं पातेलं. सासूबाई पळी बुडवतात, पोच्याची वाटी भरतात, फळीवर ठेवतात. मग मागे वळून मिठाच्या बरणीत हात घालतात. वाटी आधी, मीठ नंतर. दरवेळी. हजार वेळा माझ्या डोळ्यांसमोर झालं आणि मी ते देवाच्या खात्यावर टाकून मोकळी झाले. देव्हाऱ्याशेजारी फळी होती, एवढाच देवाचा संबंध. खोलीत दुसरी फळीच नव्हती! आणि लहानपणी लेक ओठांवरची पेज चाटून तोंड वाकडं करायची ते "आळणी, आळणी!" म्हणत. तेही मी ऐकलं होतं.

मला हसू यायला लागलं, मग रडू, मग दोन्ही. हे पेजेचा पेला घेऊन दाराकडे सरकले.

लेकीला हे सांगायचं कसं, हा पुढचा प्रश्न. दोन दिवस तिनं मला हातात चमचा घेऊनसुद्धा जवळ येऊ दिलं नाही. डॉक्टरीणबाईंचं मलम आणि गार घड्या, बस. तिसऱ्या दिवशी लाली उतरल्यावर मी बिनमिठाची पेज केली, काकडी पिळली आणि माझ्याच तोंडाला थापून दिवाणखान्यात बसले. दूधवाला दूध न देताच गेला. तासाभरानं लेक बाहेर आली, माझ्याकडे बघत उभी राहिली.

"झोंबतंय?"

"नाही."

"खोटं बोलतेस."

"तुझ्या आजीची शप्पथ." आणि तिला सगळं सांगितलं. वाटी, फळी, मीठ, तिच्या बाबांचं 'वा'. ती माझ्यासमोर बसली. मग माझ्या गालावरची पेज बोटाला लावून तिनं चाखली.

"आळणी," म्हणाली.

आणि तिनं बाही वर करून कोपर पुढे केलं.

एक दिवस थांबलो. मी! मी थांबले! लिफ्ट यायला वेळ लागला तर मी एकोणीस मजले उतरून पुन्हा वर येऊन लिफ्टला टपली मारते, ती मी, दिवसभर एका कोपराकडे बघत बसले. कोपर स्वच्छ. मग तोंड. लेप लावला आणि तिचे खांदे खाली आले, तसे ते आठ दिवसांत आले नव्हते. डोकं माझ्या मांडीवर ठेवून पडली. एवढी मोठी मुलगी, पाय सोफ्याच्या बाहेर. मी नुसता हात फिरवत राहिले. सासूबाईंच्या मांडीवर किती मावायची, तेवढं आठवत होते.

हळदीच्या दिवशी ती पाटावर बसली. चेहरा अगदी दुधासारखा नव्हता, पण तिचा होता. हळद हातांना आणि पायांना लावली. कोपराला आदल्या दिवशी तीही बघून घेतली होती. गालाला कोणी हात लावायचा नाही असं मी माहीमकडच्या बायकांना आधीच बजावलं होतं. अशा आवाजात, की दोघीजणी ताटं खाली ठेवून दूर सरकल्या. शेवटी लेकीनंच स्वतःचं बोट ताटात बुडवलं आणि हनुवटीखाली, कोणाला दिसणार नाही अशा ठिकाणी, एक ठिपका लावला. दहा मिनिटांनी पुसून टाकला. मी मोजली होती.

परवा तिचा फोन आला, माहीमहून.

"आई, पेज केली."

"वाटी काढलीस?"

"काढली ना. मिठाआधी. इथे ओट्याशेजारी फळी नाही, म्हणून त्यांच्या देवघरात ठेवली गार व्हायला." मग आवाज खाली आणून म्हणाली, "सासूबाई आल्या, वाटी बघितली, हात जोडले आणि म्हणाल्या, किती चांगलं वळण लावलंय आईनं, आधी देवाचं काढते. काय सांगू त्यांना?"

मी आमच्या देव्हाऱ्याकडे बघितलं.

"काही सांगू नकोस," म्हटलं.