आधी बोलायचं, मग हात लावायचा

नगरपालिकेत मुख्याधिकारी म्हणून रुजू झालो त्या सकाळी मी पहिला कडक सॅल्यूट ठोकला तो शिपायाला. पांढरा कोट, छातीवर आडवा पट्टा, त्यावर चकचकीत पितळी बिल्ला. मला वाटलं, स्वागताला कोणी मोठा अधिकारीच धाडलाय. बाळारामने सॅल्यूट शांतपणे घेतला आणि म्हणाला, "कप्तानसायब, तुमची खोली तिकरं."

दुसऱ्या महायुद्धाच्या घाईच्या भरतीत मला इमर्जन्सी कमिशन मिळालं, अफसर झालो. सॅपरमध्ये होतो. पूल बांधायचे, सुरुंग काढायचे. अठ्ठेचाळीस साली काश्मीरमध्ये होतो. पुढे फौजेतून सुटलो, डोंबिवलीत बिऱ्हाड केलं आणि ओव्हरसियरपासून चढत चढत कल्याणजवळच्या या गावाच्या खुर्चीत येऊन बसलो. फौजेत माझ्या आवाजाने कंपनी हलायची. इथे एक गटार मंजूर व्हायला तीन सभा लागल्या.

ते गटार लष्कराच्या जुन्या छावणीच्या कडेने जाणार होतं. खोदकाम सुरू असताना एका सकाळी मुकादम धावत ऑफिसात आला. नामदेव नावाच्या मजुराने पाइपचा तुकडा समजून काहीतरी उपसलं होतं. कोणीतरी 'बाँब' म्हणालं, तेव्हापासून तो ते छातीशी धरून चरात उभा होता. मी बाळारामला घेऊन निघालो.

मॉर्टरचा, म्हणजे उखळी तोफेचा गोळा. न फुटलेला. टोकाचं फ्यूज, म्हणजे स्फोट घडवणारी कळ, गंजलेलं.

फौजेला निरोप धाडला. त्यांना यायला दुपार होणार होती. मुकादमाला आसपासची घरं रिकामी करायला सांगितलं.

"साहेब, हात सुटतायत," नामदेव म्हणाला.

"सुटू द्यायचे नाहीत. मी येतोय."

सुरुंगाजवळ एकच माणूस जातो. जे करणार ते तो आधी मोठ्याने सांगतो, मगच हात लावतो. मागे आडोशाला नंबर दोन असतो. तो प्रत्येक वाक्य परत म्हणतो. पुढचा गेला, तर कुठे चुकलं ते मागच्याला कळावं म्हणून. बाळारामला मातीच्या ढिगामागे बसवून हे समजावलं. कारण तेवढं गाळलं.

"म्हंजे पाढ्यासारका म्हनू?"

"हां. आणि डोकं वर काढायचं नाही."

खुर्चीने वाढवलेलं पोट घेऊन मी चरात उतरलो.

"वाळूची पाटी खाली ठेवतोय."

"वालूची पाटी खाली ठेवतोय."

"डावा हात गोळ्याखाली घालतोय."

"डावा हात गोल्याखाली घालतोय."

"उजव्या हाताने शेपटी धरतोय. टोकाला हात नाही. नामदेव, हळू सोड. शेलार, ऐकू येतंय?"

उत्तर बाळारामने दिलं, "हां सायब. आयकतंय."

वजन माझ्याकडे आलं. नामदेवचे हात तसेच वाकलेले राहिले.

"वर जा. पळू नकोस."

तो गेला. गोळा वाळूवर आडवा ठेवला, तेही सांगून. हात काढले, तेही सांगून. मग मला वर चढता येईना. चराच्या उथळ टोकापर्यंत रांगत गेलो, आणि गावाने आपला मुख्याधिकारी त्या अवस्थेत पाहिला. दुपारी फौजेने येऊन गोळा नेला.

चरात माझ्या तोंडून ज्याचं नाव निघालं तो शेलार माझ्या कंपनीतला नाईक, साताऱ्याकडचा. काश्मीरमधल्या एका वळणावर तो पुढे होता, मी नंबर दोन. "डावीकडची माती काढतोय, साहेब." मी ते परत म्हटलं. मग तो म्हणाला, "खाली तार आहे. तार मोकळी करतोय." हे वाक्य मी परत म्हणत होतो. ते पुरं झालं नाही. पुढचा सुरुंग मी काढला. तारेला हात लावला नाही. संध्याकाळी त्या रस्त्याने आमच्या गाड्या गेल्या.

घरी पोचलो, तर बाळाराम माझी छत्री द्यायला येऊन, चहा पिऊन, सगळं सांगून गेला होता. बायकोने चिखलाचे कपडे घेतले, पान वाढलं. मग विचारलं, "शेलार कोण?"

मी सांगितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. तिने माझ्या हातांकडे पाहिलं.

"त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं, म्हणून तुम्ही घरी आलात," ती म्हणाली. "आणि त्यांचं नाव मला बाळारामकडून कळावं?"