स्पीकरची पोकळ भिंत

'लोहगर्जना' या हार्ड रॉक बँडचा इतिहास गाण्यांवरून लिहू नये, पेट्यांवरून लिहावा. लोकांना माहीत असलेली गाणी तीनच, आणि तिन्ही एकसारखी. स्पीकरच्या पेट्या मात्र वाढत गेल्या. पहिल्या वर्षी चार, जरा नाव झाल्यावर बारा, आणि दौऱ्यांच्या ऐन भरात चाळीस! पडदा उघडून ती काळीकुट्ट भिंत दिसली की गाण्याआधीच पोरं किंचाळायची. त्यातल्या अडतीस पेट्यांत नुसती हवा होती. प्लायवूड, काळा रंग, पुढे जाळी. त्या बनवणारा सुतार दर दौऱ्यात बरोबर जायचा, भिंत रचायचा, उतरवायचा आणि मनातल्या मनात बँडची लायकी काढायचा.

गायकाला सगळे 'सिंह' म्हणत. आयाळ गळून टोप आला, तरी डरकाळी होती तशीच बेसूर राहिली. बासवाला उभा राहायचा, यापलीकडे त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. गिटारवाला स्वतःला 'उस्ताद' म्हणवून घ्यायचा आणि नेहमी डावीकडून तिसऱ्या पेटीसमोरच उभा राहायचा.

"या पेटीचा आवाज बघ, कसा उबदार आहे," तो सुताराला सांगायचा.

त्या पेटीत सुताराचा जेवणाचा डबा असायचा. "लाकूडच तसं आहे साहेब," सुतार म्हणायचा.

चौथा म्हणजे ड्रमर, सुताराचा धाकटा भाऊ. खरं वाजवता येणारा तेवढा एकटा, बाकीच्यांचे हातवारेच जास्त. सुतार या टोळीत टिकला तो त्याच्यापायी.

वीस वर्षांनी भिंत चौदा पेट्यांवर आली आणि बँड मोटारींच्या दुकानांच्या उद्घाटनांवर. खरे स्पीकर पहिल्यापासून दोनच, तेही ड्रमरच्या डोक्यामागे. भावाच्या कानात शिट्टी वाजू लागली तेव्हा डॉक्टरांनी बजावलं, "अजून सहा महिने हे असंच चाललं, तर कान कायमचे जातील."

सुताराने उस्तादला हात जोडले. "तेवढे दोन स्पीकर कडेला नेऊ या."

"माझा आवाज कडेला? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

भाऊही ऐकेना. "दादा, तू तुझा रंधा मार. मी वाजवणं सोडायचा नाही."

मग पुढच्या उद्घाटनाला, सगळे चहाला गेलेले असताना, सुताराने दोन्ही स्पीकर काढून टोकाच्या पेट्यांत बसवले. भावामागे उरलं पोकळ प्लायवूड.

भर दुपारी कार्यक्रम संपला. उस्तादच्या डोळ्यांत पाणी. "आज मागून जो आवाज आला ना! पाठ थरथरली माझी! वीस वर्षांत असा आला नव्हता!"

"अंगावर काटा आला," सिंहाने री ओढली. बासवाल्याने मान डोलावली.

"मला तर गिटार ऐकूच आली नाही," भाऊ म्हणाला. "मागून काहीच येत नव्हतं."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग सिंहाने मोठ्या दयाळूपणे त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कान गेले रे तुझे. आता घरी आराम कर. माझा भाचा बसेल ड्रमवर."

सगळ्या बँडमध्ये खरं काय ते ऐकणारा एकच माणूस, आणि त्यालाच बहिरा ठरवून काढलं! सुतार एक वाक्य बोलला असता, तर भावाची जागा वाचली असती, आणि कान गेले असते. तो पेट्या टेम्पोत चढवत राहिला.

भाऊ मागच्या दाराशी आला. "दादा, खरं सांग. तू काही हलवलंस का?"

"नाही रे. होतं तसंच होतं."

भाऊ पायरीवर मटकन बसला. "म्हणजे गेलेच."

इतकी वर्षं सुताराने त्या तिघांना तुच्छ मानलं होतं. आता त्यांच्याच रांगेत जाऊन उभं राहिल्यासारखं त्याला वाटलं. त्याने पाठ फिरवली आणि वायर गुंडाळता गुंडाळता अगदी ओठांतल्या ओठांत पुटपुटला, "जेवलास का?"

"भूक नाही," भाऊ म्हणाला.