उंच केलेली जीप

नवरा वारल्यावर मुलानं बापाची जुनी जीप उंच करून घेतली. शहरातून आमच्या घरी यायची वाट खडकाळ, खाली घासायला नको म्हणून. आज सकाळी तो अंगणात गाडीखाली उताणा पडला होता. पुढच्या अ‍ॅक्सलच्या सांध्यांवर घडीदार रबरी टोपणं असतात, तो त्यांना बूट म्हणतो; त्यांतून ग्रीस गळत होतं.

"गाडी वर गेली, अ‍ॅक्सल तिरपा झाला. रबराच्या घड्या एकमेकींवर घासतात गं आई."

"मग घे खाली."

"तुझं आपलं काहीतरीच! रबर आवळणारी पट्टी सोडून ते जरा सरकवतो, घड्या मोकळ्या होतील. मग परत आवळतो."

मी पायरीवर बसून बघत होते. काही वाटत नव्हतं. नवरा गेल्यापासून असंच आहे. शेजारणी म्हणतात, रडून घे. रडू म्हणजे काय नळ आहे, सोडला की आला? घरातलं एक माणूस गेलं की उरलेल्यांचं उठणंबसणं तिरपं होतं. कुठं घासतंय ते लगेच दिसत नाही. जमिनीवर डाग पडला की कळतं. माझा अजून पडलेला नाही, एवढंच.

मुलानं फडक्याला हात पुसले. "झालं. चल, निघू. आता कायमचं शहरात माझ्याकडेच राहायचं."

"मी येत नाही."

"अगं, तुझी पिशवी ठेवलीय गाडीत!"

"माहीत आहे."

पिशवी काढायला गेले, तर उंच केलेल्या गाडीत माझा हात पोचेना. त्यालाच म्हटलं, "दे काढून."