परबकाकांच्या नावावरचा बिघाड

कार्यक्रमाआधी परबकाका हॉलच्या शेवटच्या रांगेत, अगदी कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसायचे. स्टेजवर आमचा ड्रमर एकटाच वाजवत असायचा आणि हे डोळे मिटून ऐकत राहायचे. मग उठून साउंडच्या टेबलापाशी यायचे, एखादं बटण केसभर सरकवायचे आणि पुन्हा तिकडे जायचे. अशा चार-पाच फेऱ्या ठरलेल्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारलं, पुढच्या रांगेत पाहुणे बसणार, तिथे का नाही बसत?

"पुढच्यांना काय, फुकट पास असतो," ते म्हणाले. "इथे बसणाऱ्याने खिशातले पैसे घातलेत. त्याने काय घोडं मारलंय?"

मी तेव्हा त्या रॉक बँडचा जनसंपर्क अधिकारी म्हणून नवीन लागलो होतो. बँडचं नाव इथे लिहीत नाही. पत्रकारांना बातम्या पुरवणं, मुलाखती ठरवणं आणि गायकाने भलतंच काही बोलून ठेवलं की ते निस्तरणं हे माझं काम. परबकाका साउंड सांभाळायचे. मूळचे मालवणकडचे, राहायला घाटकोपरला. वडील गिरणीत होते. घरी सगळ्यांना मोठ्याने बोलायची सवय, पण हे स्वतः इतकं हळू बोलायचे की पुढे वाकून ऐकावं लागायचं. मला ते 'लेखक' म्हणायचे. "काय लेखक, आज काय थापा?" ही आमची रोजची सुरुवात.

स्वतःच्या कामाबद्दल ते फारसं बोलत नसत. एकदा एका वार्ताहराला मी मुद्दाम त्यांच्याकडे नेलं, तर त्याला म्हणाले, "माझ्यावर काय लिवतंस मेल्या? लोकांना मी आठवलो म्हणजे समज वाट लागली."

आठ वर्षं मी त्यांच्या शेजारी उभा राहून कार्यक्रम ऐकले. त्यामुळे मुलुंडच्या त्या संध्याकाळी काय घडलं हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. गायक पिऊन आला होता. पहिल्या गाण्यात सूर गेला, दुसऱ्यात शब्द गेले. तिसऱ्यात त्याने माइक खाली टाकला आणि तो आत निघून गेला. मैदानात आरडाओरडा सुरू झाला. मॅनेजर मला म्हणाला, "काहीतरी लिही. दहा मिनिटांत."

मी सहा मिनिटांत लिहिलं. ध्वनियंत्रणेतील तांत्रिक बिघाडामुळे कार्यक्रम अर्धवट थांबवावा लागला, क्षमस्व. पत्रकार आणि आयोजक मिळून एकशे चाळीस जणांच्या यादीवर ते गेलं. आमच्या धंद्यात हे वाक्य नेहमीचं आहे. त्यात कोणा माणसाचं नाव येत नाही, म्हणून ते सोयीचं. पण ध्वनियंत्रणेमागे एकच माणूस बसलेला असतो. हे मला लिहितानाही माहीत होतं.

परबकाका वायरी गुंडाळत होते. त्यांनी मोबाइलवर ती नोट वाचली.

"छान लिहिलंयस," ते म्हणाले. "कुठला बिघाड ते नाही लिहिलंस. मला विचारतील ना लोक. काय सांगू?"

"काका, दोन दिवसांत विसरतील सगळे."

ते परत वायरी गुंडाळायला लागले.

लोक विसरले नाहीत. पुढच्या दौऱ्याच्या प्रायोजकांनी साउंडची माणसं बदलायची अट घातली आणि मॅनेजरने ती मान्य केली. मोठ्या हॉलांनीही परबकाकांना बोलावणं बंद केलं. दीडेक वर्षाने बोरिवलीला मेव्हण्याच्या सोसायटीत गणपतीला गेलो, तर तिथे साउंडला ते होते. स्टेजवरून हाऊझीचे आकडे पुकारले जात होते आणि परबकाका शेवटच्या रांगेतल्या खुर्चीवर डोळे मिटून बसले होते.

"सदतीस आणि सदुसष्ट एकसारखं ऐकू आलं, तर मारामारी होईल इथे," ते म्हणाले. "तुमच्या शोपेक्षा जास्त टेन्शन."

मी तिथेच म्हणालो, "काका, मी खरं काय ते लिहून पाठवतो."

"पाठव," ते लगेच म्हणाले. "मी बोललो तर लोक म्हणतील, म्हातारा आपली चूक झाकतोय. तू लिहिलंस, तूच बोल."

"अल्बम येतोय महिन्यात. तो झाला की लगेच."

"बरं," ते म्हणाले.

तो अल्बम आला, त्यानंतर आणखी एक आला. मध्ये माझा पगार वाढला, मुलीचं कॉलेज सुरू झालं. दर वेळी मला खरंच वाटायचं की हे एवढं झालं की पाठवू. गेल्या वर्षी परबकाका हृदयविकाराने गेले.

मी घाटकोपरला त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी अंधेरीच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम करते. चहा ठेवून ती समोर बसली.

"मुलुंडला नक्की काय बिघडलं होतं?" तिने विचारलं. "स्टुडिओत अजून विचारतात मला. बाबांना विचारलं की म्हणायचे, लेखकाला विचार."

"काही नाही बिघडलं. गायक प्यायला होता."

"हे तुम्हाला तेव्हाच माहीत होतं?"

"हो."

"ती नोट किती जणांना गेली होती?"

"एकशे चाळीस."

"मग त्यांना सांगा ना. मला एकटीला सांगून काय होणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसात जाऊन त्याच यादीवर खरं काय घडलं ते, शेवटी परबकाका गेल्याचंही लिहून, माझ्या नावाने पाठवलं आणि राजीनामा मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एका संपादकाने विचारलं, एवढ्या वर्षांनी यात बातमी काय? दुपारी चेंबूरच्या एका हॉलच्या व्यवस्थापकाचा फोन आला. मजकूर त्याने बहुधा अर्धाच वाचला असावा.

"चुकलंच आमचं," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यात मोठा कार्यक्रम आहे. परबांचा नंबर द्या ना."