दफेदाराचा बिगुल

उद्धवराव दफेदार थकले होते, पण तसं कुणाला बोलून दाखवायची सोय नव्हती. निजामाच्या रिसाल्यात सारी उमर घोड्यावर काढलेला माणूस भरदुपारी बाजेवर आडवा पडून कंबर दाबून घेतो, हे पाहून गाव हसलं असतं. तसं हसायला कुणी दारात आलं असतं, तर दफेदारांना बरंच वाटलं असतं. पण गुलबर्ग्याकडच्या कल्याणच्या बाजूच्या त्या खेड्यात त्यांच्या दारात कुणी येतच नव्हतं.

रिसाला मोडला तेव्हा सरकारचा घोडा सरकारजमा झाला. दफेदार घरी आले ते एक पत्र्याची पेटी, मोडीत निघालेला पितळी बिगुल आणि कामातून गेलेली कंबर घेऊन. आल्या आल्या त्यांनी ओढ्याकाठचं रान विकलं आणि तेलावर चालणारं इंजिन आणायला गुलबर्ग्याला निघाले. पिठाची गिरणी घालायची होती. आसपासच्या गावांत तेव्हा एकही गिरणी नव्हती.

"रान इकून लोखंड आणायलाव, कामून?" चंद्रभागाबाईंनी नवऱ्याला विचारलं.

"बायांच्या हाताचे घट्टे जातील," दफेदार म्हणाले.

ते खरं होतं, पण अर्धंच. रझाकारांच्या साली भादव्यात एक हत्यारबंद टोळी गावात शिरली होती. कडब्याच्या गंजी पेटवल्या, दोन माणसं मारली. त्यातला एक गल्लीतल्याच राजूबाईचा नवरा. त्या दिवशी दफेदार निजामाचा गणवेश घालून हैदराबादेत होते. परत आल्यावर गावानं त्यांना त्याबद्दल एका शब्दानं विचारलं नाही. लोक रामराम घालत आणि पुढं निघून जात. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. हा कोरडा रामराम त्यांना सोसत नव्हता. गिरणीच्या निमित्तानं गाव दारात येईल, दळण टेकवील, चार शब्द बोलेल, एवढीच त्यांची आशा होती.

स्टेशनावरून इंजिन बैलगाडीनं आलं. दफेदारांनी ते घोड्यासारखंच ठेवलं. सकाळी फडक्यानं खरारा केल्यासारखं पुसायचे, संध्याकाळी वर घोंगडी टाकायचे, सुरू झालं की "शाबास बेटी" म्हणून थोपटायचे. इथवर सगळं ठीक होतं. पण दसऱ्याला गिरणी सुरू करायची म्हणून हा शहाणा माणूस काय करून बसला? गावाला वर्दी द्यायला त्यानं ओट्यावर उभं राहून बिगुल फुंकला. घोड्यांना चंदी घालायची वेळ झाली की रिसाल्यात वाजायचा, तोच सूर. दफेदारांच्या लेखी त्याहून शुभ सूर दुसरा नव्हता.

गावानं बिगुल एकदाच ऐकला होता. ती टोळी बिगुल वाजवतच आली होती.

बघता बघता दारं लागली. तव्यावरच्या भाकरी तशाच टाकून बाया लेकरांना काखेत मारून ज्वारीच्या रानात पळाल्या. एक म्हातारी ओढ्यात पडली. दफेदार हातात बिगुल घेऊन ओट्यावर उभे होते आणि समोरची गल्ली रिकामी होती.

त्यानंतर गिरणीकडं कोण फिरकणार? इंजिनाचं पीठ जळकं असतं, त्यात कस नसतो, असं बाया म्हणू लागल्या. खरं कारण सगळ्यांनाच ठाऊक होतं. राजूबाई तर स्पष्टच म्हणायची, "त्या दारचं पीठ माझ्या परातीत पडायचं न्हाई." जिचा माणूस गेला तीच जात नाही म्हटल्यावर बाकीच्या कशा जातील? दफेदार रोज सकाळी इंजिन थोडा वेळ रिकामंच चालवायचे. उभा ठेवला की घोड्याचे पाय धरतात, असं म्हणायचे. मग बाजेवर जाऊन पडायचे. अशी दोन वर्षं गेली.

तिसऱ्या उन्हाळ्यात राजूबाई खळ्यावर पडली. मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. जात्याचा खुंटा धरवेना. आठ दिवस तिनं कण्या शिजवून खाल्ल्या. नवव्या दिवशी डोक्यावर ज्वारीची पाटी घेऊन ती भर उन्हात गिरणीपुढं उभी राहिली. गल्लीतल्या बाया आपापल्या दारातून बघत होत्या.

दफेदार धडपडत उठले. "ये आक्का."

"आधी ते पिपाणं दाव."

दफेदारांनी पेटीतून बिगुल काढून दिला. राजूबाईनं तो वाकड्या हातात धरून उलटासुलटा केला, तोंडात डोकावून पाहिलं.

"एवढुसंच हाय व्हय," ती म्हणाली. "आमाला वाटलं, मोठं असंल काय तरी."

तिनं बिगुल ओट्यावर ठेवला. पाटी मात्र डोक्यावरच होती.

"उद्धवा, त्या दिशी तू काय करायलतास?"

एवढी वर्षं हा प्रश्न यावा म्हणून दफेदारांनी वाट पाहिली होती. मनात उत्तरं जुळवली होती: हुकूम नव्हता, खबर नव्हती, मी असतो तर एकेकाला उभा चिरला असता. त्यातलं एकही आता तोंडातून येईना. त्यांना फार थकल्यासारखं झालं.

"घोड्यांला पाणी पाजायलतो, आक्का."

 राजूबाईनं पाटी खाली उतरवायला हात वर केले. एका हातानं ती उतरेना. दफेदारांनी पुढं होऊन पाटी धरली.

"बारीक दळ," ती म्हणाली. "दात ऱ्हायले न्हाईत."