बिनसावलीचं मुसळ

हसणार नसाल तर सांगतो. तुम्ही हसणारच आहात म्हणा, पण निदान चहा संपेपर्यंत दम धरा, कारण माझा खरा गाढवपणा अगदी शेवटी आहे.

तर मी जळगावात शाळेत शिकवतो, विज्ञान आणि भूगोल. शिवाय दर शनिवारी सकाळी एका छोट्या रेडिओ केंद्रावर दहा मिनिटं बोलतो. माठातलं पाणी गार का होतं, दूध नेमकं आपली पाठ वळली की उतू का जातं, भरताचं वांगं भाजताना फुटतं का, असलं सगळं. रेडिओची ती खोली मला फार आवडते. भिंतींना गाद्या लावल्यासारखं असतं, बाहेरचा एक हॉर्न आत येत नाही. माईकसमोर बसलो की माझं विमान वर गेलंच. बायको म्हणते, ते खाली कधी असतं?

मागच्या मे महिन्यात मी सावलीवर बोललो. मे सरता सरता आपल्याकडे एक दिवस असा येतो, की भर मध्यान्ही सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली जाते. काय सुंदर बोललो म्हणून सांगू! जन्मभर मागे मागे चालणारी ती बिचारी क्षणभर घरी येते, वगैरे. माझाच मला गहिवर आला.

समोरच्या निवेदिकेनं विचारलं, "सर, पण नेमकं किती वाजता?"

"बारा," मी म्हटलं. "मध्यान्ह म्हणजे बाराच की."

हे वाक्य जरा लक्षात ठेवा.

आता नाना. म्हणजे माझे सासरे. सावद्याला त्यांची केळीची बाग आहे. माणूस कामाचा, शब्दाचा पक्का. आणि जावई कसा मिळाला? लग्नात अंतरपाट दूर झाला, नवरी हार घेऊन उभी, आणि मी आपला मांडवाच्या भोकांतून पडलेले उन्हाचे गोल गोल कवडसे बघतोय. तेव्हापासून चौदा वर्षं नाना माझ्याशी जपूनच बोलत आले. पण रेडिओ सुरू झाला आणि ते शनिवारी ओट्यावर रेडिओ लावून गल्लीला ऐकवायला लागले. हा आपला जवाई, असं आपणहून सांगायला लागले. मला ते किती गोड वाटायचं, ते मी घरी कुणाला बोललो नाही.

त्यांचा फोन आला. "जवाईबुवा, ते सावलीचं ऐकलं. तुम्ही आमच्या अंगनातच या. बठ्ठ्या गल्लीले बलावतो मी."

सगळ्या गल्लीला बोलावणार म्हटल्यावर त्या दिवशी सकाळीच गेलो. नानांनी अंगणात ओल्या मातीच्या घमेल्यात मुसळ उभं केलं होतं. गवंड्याकडून ओळंबा आणून ते सरळ आहे की नाही तेही तपासलेलं. सासूबाई म्हणाल्या, उपाशीपोटी उन्हात उभं राहायचं नाही. म्हणून अकरालाच वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. चार बट्ट्या, त्याही तुपात बुडवून. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

बाराला पाच कमी असताना अंगणात कोण? मी, नाना आणि मुसळ. गल्लीतलं एक माणूस नाही. ऊन असं, की समोरचं पत्र्याचं दार हलल्यासारखं दिसत होतं. बारा वाजले. मुसळाची सावली चांगली अर्ध्या वितीची, आरामात पडलेली. मी घड्याळ पाहिलं. सावली पाहिली. बारा वाजून पाच मिनिटं झाली तरी बाई जागची हलायचं नाव घेईना.

नानांनी ओळंबा धरून मुसळ पुन्हा तपासलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"नाना, माझा काहीतरी घोटाळा झाला," मी म्हटलं. "बरं झालं कुणी आलं नाही."

"तुम्ही आत जा. ऊन लागीन," नाना म्हणाले. "मी थांबतो. बलावलेल्या लोकायले सांगाले कोनी तं पाह्यजे."

मी मान खाली घालून आत आलो. मधल्या खोलीत कूलर चालू होता, वाळ्याचा ओला वास येत होता. डोक्यावर पंचा घेऊन पडलो. चौदा वर्षांनी कमावलेलं पाच मिनिटांत घालवलं, असं म्हणत होतो, तोवर चारही बट्ट्या डोळ्यांवर चढल्या.

स्वप्न पडलं. रेडिओच्या खोलीत माईकसमोर माझी सावली बसली होती आणि छान बोलत होती. मी काचेपलीकडे जमिनीवर पसरलेलो. बाहेर केळीची बाग, पाणी सोडलेलं, सगळं हिरवं आणि गार. सावलीचं बोलणं माझ्यापेक्षा चांगलं होतं, पण मला वाईट वाटत नव्हतं.

गलक्यानं जाग आली. पाहतो तर पाऊण वाजत आलेला आणि अंगणात तीसेक माणसं. आले, म्हटलं, आणि माझ्यापायी नानांची उतरवताहेत. मी तसाच बाहेर धावलो आणि हात जोडले.

"मंडळी, माफ करा. यात नानांचा काही दोष नाही. सावली गेली नाही, आज जाणारही नाही. माझंच गणित चुकलं. तुम्हाला उन्हात उगाच ताटकळत ठेवलं."

समोरच्या घरातल्या अक्का नानांकडे वळल्या. "काय म्हनतात हे? आम्ही तं आत्ताच जाताना पाह्यली."

झालं होतं असं. बाराचं बोलावणं म्हणजे बाराला घरातून निघायचं, हा आपला रिवाज. मंडळी सव्वाबारानंतर निवांत जमली. नाना त्यांना परत पाठवणार, तेवढ्यात अक्कांनी मुसळाकडे बोट दाखवलं.

"पयले दोन बोटं व्हती," अक्का मला सांगत होत्या, "मंग एक, मंग काहीच नाही. मुसय असं दिसे, जसं कोनी हवेत ठेवलं. मी माह्या पायाशी पाह्यलं, तं मी बी तशीच."

मी ऐकत राहिलो. इतका हेवा मला कधी कुणाचा वाटला नव्हता.

आणि तिथंच डोक्यात उजेड पडला. आपलं घड्याळ चालतं मिर्झापूरच्या वेळेवर. सावदा त्याच्या साडेसहा अंश पश्चिमेला, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे इथली मध्यान्ह बारा वाजून वीस मिनिटांच्याही पुढे. नववीच्या पोरांचे मी याच प्रश्नाला मार्क कापतो.

"मग मला उठवलं का नाही?" मी जवळजवळ रडकुंडीला आलो.

नानांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या दारातूनच म्हणाल्या, "झोपेल जवायाले उठवतं का कोनी?"

नानांनी त्यांना दोनदा आत पाठवलं होतं. शेवटी स्वतः उंबऱ्यापर्यंत आले, मी झोपेत हसताना दिसलो, तसेच परत गेले. मग मंडळींकडे वळून नाना शांतपणे म्हणाले, "जवाईबुवानं मुद्दाम बारा सांगितलं. खरी वेय सांगितली असती तं तुम्ही एक वाजता आले असते."

सगळे हसले, माझी अब्रू वाचली. हा किस्सा इथंच थांबायला हवा होता की नाही?

पुढच्या शनिवारी मी रेडिओवर वेळेची चूक दुरुस्त केली. निवेदिकेनं सहज विचारलं, "सर, तो क्षण तुम्हाला कसा वाटला?"

समोर माईक. विमान वर. "काय सांगू," मी म्हटलं, "आधी दोन बोटं, मग एक, मग काहीच नाही. मुसळ जणू हवेत ठेवलेलं. मी माझ्या पायाशी पाहिलं, तर मीही तसाच." आवाज थोडा कापलासुद्धा.

नानांचा ओटा आणि त्यावर बसलेली गल्ली, हे मी साफ विसरलो होतो.

केंद्राचा जिना उतरेपर्यंत फोन वाजला. "जवाईबुवा, कार्यक्रम लय चांगला झाला. बठ्ठ्यायनं ऐकला," नाना म्हणाले. मागून खसखस ऐकू येत होती. "फक्त अक्का इचारते, पुढच्या वर्सी तुमची खाट आतच टाकू, का अंगनात मुसयापाशी?"